खाटेजवळची बढती

सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाईने हैदराबादची निजामी राजवट संपली. त्याच वर्षी शहराच्या बोगुलकुंटा भागात डॉ. लूर्ड्स फर्नांडिस आणि त्यांचे पती लेस्ली यांनी प्रसूतिगृह काढलं. खाटा दोन. पुढे त्यांची कन्या डॉ. एव्हिटा फर्नांडिस यांनी सूत्रं हाती घेतली, शहरात शाखा निघाल्या. आजचं फर्नांडिस फाउंडेशन ते हेच.

इथवरची गोष्ट कोणत्याही नावाजलेल्या रुग्णालयाची असू शकते. फर्नांडिसची वाट निराळी झाली ती २०११मध्ये. त्या वर्षी संस्थेने परिचारिकांसाठी मिडवाइफरीचं, म्हणजे बाळंतपण करण्याचं, दोन वर्षांचं प्रशिक्षण सुरू केलं. तसं पाहिलं तर जीएनएम ही पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली सिस्टर नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही म्हणून नोंदलेली असते. पण शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत, लेबर रूममध्ये तिच्या वाट्याला येतं ते सलाइन लावणं, नोंदी ठेवणं आणि डॉक्टर येईपर्यंत धीर देणं. नॉर्मल बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडण्याची तयारी तिच्याकडून क्वचितच करून घेतली जाते.

ही तयारी म्हणजे काय, ते लेबर रूममध्ये दिसतं. कळा सुरू झालेल्या बाईला उताणं झोपवून ठेवत नाहीत. ती चालते, मोठ्या चेंडूवर बसते, कुशीवर वळते, ओणवी होते. मिडवाइफ ठरावीक वेळाने डॉप्लरने बाळाचे ठोके ऐकते, गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते पार्टोग्राफ या आलेखावर मांडते. सरसकट छेद नाही, टाके नाहीत. बाळ आलं की थेट आईच्या छातीवर. नाळ कापायची घाई नाही. आणि ठोके बिघडले किंवा आलेख अडला, तर तत्काळ डॉक्टरांना हाक. आपली हद्द कुठे संपते हे ओळखणं हा या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

तेलंगणाला याची गरज का होती, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या आकड्यांतून कळतं. देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, महाराष्ट्रात २५.४, तेलंगणात ६०.७! राज्य सरकारने २०१७मध्येच फर्नांडिस आणि युनिसेफच्या साथीने करीमनगरला ३० सरकारी परिचारिकांचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. डिसेंबर २०१८मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे पद आखलं. या पदासाठी परिचारिकांना शिकवणारे शिक्षक घडवण्याचं कामही पुढे फर्नांडिसकडे आलं. संस्था राष्ट्रीय मिडवाइफरी प्रशिक्षण केंद्र झाली.

परिचारिकेपुढे आज इतरही वाटा आहेत. एम.एस्सी.ला बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य अशा शाखा. कर्करोग, नवजात शिशू, ऑपरेशन थिएटर यांसाठी पदविका. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. पण जुन्या चाकोरीत सिस्टरची इनचार्ज झाली, मेट्रन झाली किंवा ट्यूटर झाली, की ती रुग्णापासून दूर जाते. ड्युटीचे तक्ते, साठ्याची रजिस्टरं, वर्ग. हात सर्वांत तयार झालेले असताना तेच हात खाटेवरून उठतात. फर्नांडिसच्या प्रयोगाचं मोल इथे आहे: मिडवाइफ जितकी अनुभवी, तितकी तिची जबाबदारी मोठी, आणि तीही बाळंतिणीजवळच.

आता कसोटी सरकारी यंत्रणेची. दीड वर्ष खपून तयार झालेल्या मिडवाइफला सवयीने नेत्र विभागात किंवा ओपीडीत ड्युटी लावली, तर शिक्षण फुकट. तिला स्वतंत्र पद, त्या पदाचा पगार आणि लेबर रूममधली कायमची नेमणूक हवी. महाराष्ट्राने हैदराबादकडून अभ्यासक्रम घ्यावाच, पण नेमणुकीचा नियम आधी करावा.