छिन्नमनस्कतेच्या पहिल्या पावलाचा शोध



मी डॉक्टर नव्हे. फाटकावर सभा घेणारा माणूस या विषयावर बोलायला का उभा राहिला, ते आधी सांगतो. १९९५ साली आमच्या युनियनमधला एक तरुण टर्नर एकाएकी बदलला. जेवणाच्या सुटीत डबा उघडीना, कोणाशी बोलेना. मशीनच्या आवाजातून आपल्याविरुद्ध कुजबुज ऐकू येते, असे म्हणे. खाडे वाढले, आरोपपत्र मिळाले. चौकशीत त्याच्या बाजूने मीच बसलो होतो. पण मनातून मीही त्याला कामचुकार समजत होतो. त्याची नोकरी गेली. तो आजारी होता हे पुढे कळले.

या आजाराला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. स्किझोफ्रेनिया हे नाव त्याला १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिले. त्यापूर्वी जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांनी तो मेंदूचाच विकार मानला होता. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ठळक खूण सापडेना. खूण सापडली नाही, म्हणून लोक दोष शोधू लागले. कोणी भूतबाधा म्हटले. १९४८ साली तर अमेरिकेतील फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी या रोगाला आईच कारण होते, अशी संज्ञा प्रचारात आणली.

खरा धागा सापडला तो रसायनात, आणि त्याचे एक टोक आपल्या देशात आहे. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पूर्वापार वापरीत आले. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पीन वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. डोपा नावाचे द्रव्य टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. या प्रयोगांतून १९५७-५८ मध्ये डोपापासून बनणाऱ्या डोपामिनचे महत्त्व उमगले. ते मेंदूतील एक निरोप्या आहे. १९५२ पासून पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनने रुग्णांना गुण येत होता. ते अशा निरोप्यांची वाट अडवीत असावे, असे कार्लसन यांनी १९६३ साली सुचविले.

पण हा झाला तर्क. जिवंत माणसाच्या कवटीत डोकवायचे कसे? ते पेट नावाच्या यंत्राने साधले. १९८३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील हेन्री वॅग्नर यांनी स्वतःच्याच मेंदूतील डोपामिनची ग्राहकस्थाने चित्रित करून घेतली. पुढे त्यांवरूनच वाद माजला. १९८६ साली तेथील संशोधकांना रुग्णांमध्ये ही स्थाने वाढलेली दिसली. १९९० साली स्टॉकहोमच्या लार्स फार्डे यांना तशी वाढ आढळली नाही.

मग दुसरी वाट निघाली. कारखान्यात माल किती तयार होतो हे बाहेरून ओळखायचे, तर फाटकातून आत जाणारा कच्चा माल मोजावा. संशोधकांनी तेच केले. डोपाला किरणोत्सर्गी फ्लोरिनची खूण लावून ते शिरेतून सोडले आणि मेंदूच्या गाभ्यातील स्ट्रायेटम या भागात किती साठते ते मोजले. ज्या १९९५ साली आम्ही त्या तरुणाला घरी पाठवले, त्याच साली फिनलंडमधील तुर्कूच्या यार्मो हिएताला आणि सहकाऱ्यांनी, औषध न घेतलेल्या रुग्णांत हा साठा अधिक असल्याचे प्रसिद्ध केले. २००९ साली लंडनमध्ये ऑलिव्हर हाउझ आणि सहकाऱ्यांनी, केवळ पूर्वचिन्हे दिसत असलेल्या २४ जणांना तपासले. त्यांच्यातही तो सरासरीने वाढलेलाच होता. म्हणजे भडका उडण्यापूर्वीच रसायन बिघडू लागते.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. ही सरासरी आहे. रुग्णांचे आणि निरोग्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एकट्याचे चित्र पाहून त्याचे भविष्य सांगता येत नाही. शिवाय डोपामिन म्हणजे सर्वस्व नव्हे. ज्यांना नेहमीची औषधे लागू पडत नाहीत, अशा रुग्णांत ही वाढ नसल्याचे २०१२ साली दिसून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नवे औषध तर डोपामिनची ग्राहकस्थाने न अडवता निराळ्या वाटेने काम करते. तेव्हा उद्या कोणी नोकरभरतीच्या वेळी असे चित्र मागू लागला, तर युनियनने त्याला ठाम विरोध केला पाहिजे.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. विम्याच्या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवा, असे तो सांगतो. पण फाटकाच्या आत त्याची आठवण द्यायला आपणच जागे असलो पाहिजे. एखादा चांगला कामगार अचानक गप्प झाला, खाडे करू लागला, तर आरोपपत्राआधी डॉक्टर, आणि चौकशीआधी रजा, एवढे आपण मागू शकतो. त्या तरुणासाठी मी ते मागितले नाही. इतरांसाठी मागतो आहे.