यू-१८० : नेताजींच्या प्रवासापलीकडे

सुभाषचंद्र बोस जर्मनीहून पूर्वेकडे पाणबुडीने गेले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या पाणबुडीची चौकशी मात्र क्वचितच होते. ती होती यू-१८०. ब्रेमेन येथे बांधलेली ही पाणबुडी मे १९४२ मध्ये जर्मन आरमारात दाखल झाली. पृष्ठभागावर अधिक वेग मिळावा म्हणून नेहमीच्या दोनऐवजी सहा डिझेल इंजिने तिच्यात बसवली होती. प्रत्यक्षात ती तापत आणि दाट धूर ओकत. पाण्याखाली पाणबुडी बॅटऱ्यांवर चाले आणि त्या पुन्हा भरण्यासाठी वर येऊन हीच इंजिने सुरू करावी लागत. म्हणजे जी वेळ सर्वांत धोक्याची, नेमक्या त्याच वेळी धूर तिचा ठावठिकाणा सांगणार! या प्रकारच्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी वेर्नर मुझेनबर्गच्या नेतृत्वाखाली ती कील बंदरातून निघाली. बोस आणि आबिद हसन तिचे प्रवासी होते. आत कोंदट जागेत, डिझेलच्या वासात, भावी भाषणांचे मसुदे तयार होत होते. परंतु पाणबुडी शिकारीवरही होती. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर तिने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले; त्यावरील बहुतेक खलाशी मृत्युमुखी पडले. दहा दिवसांनी मादागास्करनजीक खवळलेल्या समुद्रात दोघे प्रवासी रबरी नावेतून जपानी आय-२९ वर गेले. परतीच्या वाटेवर जूनमध्ये यू-१८०ने 'बोरिस' हे ग्रीक जहाज बुडवले आणि जुलैमध्ये बोर्दो गाठले.

पुढे तिची पाणतीर नळकांडी व ती सहा इंजिने काढून तिला मालवाहू केले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये ती जपानकडे निघाली आणि बिस्केच्या उपसागरात ५६ जणांसह नाहीशी झाली. सुरुंगाने बुडाली, असे बराच काळ मानले जाई. आज तेही निश्चित धरले जात नाही. आय-२९ला त्याआधीच, जुलैमध्ये, अमेरिकन पाणबुडीने बुडवले होते.

नेताजींच्या त्या साहसाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण आपण ज्याला मुक्तीचा प्रवास म्हणतो, त्याच प्रवासात 'कॉर्बिस'वरची माणसे मेली. साहसाची कथा सांगताना या मृत्यूंचा उल्लेखही न टाळण्याइतके आपले इतिहासभान प्रौढ असायला हवे.