खंजिरी आणि आष्टीची आग

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकास आष्टी हें गांव आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, तेथील पोलिस ठाण्यावर तिरंगी निशाण लावण्यासाठीं मोठा जमाव चालून गेला. गोळीबारांत गांवकरी पडले; जमावाच्या हातून फौजदारासह कांहीं पोलिस मारले गेले. त्याच दिवशीं तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथेंही असाच प्रकार घडला. सरकारची दृष्टि लवकरच एका खंजिरीकडे वळली. ऑगस्टअखेर तुकडोजी महाराजांना अटक झाली.

महाराजांच्या त्या वेळच्या भजनांत वीररस होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. झाडें-दगडदेखील परकीय सत्तेविरुद्ध लढतील, अशी कल्पना त्यांत होती. खेड्यांतील निरक्षर शेतकऱ्याला वर्तमानपत्र वाचतां येत नसे आणि बोलपट क्वचितच दिसे. परंतु रात्रीं खंजिरीच्या तालावर ऐकलेलें पद दुसऱ्या दिवशीं औत हांकतांना त्याच्या ओठीं येई. त्या पदानें मनें तापलीं नसतील, असें कोण म्हणेल?

तरी मन तापणें निराळें आणि ठाणें जळणें निराळें. तींच भजनें वऱ्हाड-नागपुरांतील किती तरी गांवांनीं ऐकलीं होतीं. आष्टीसारखा प्रसंग थोड्याच ठिकाणीं ओढवला. मधल्या आठवड्याचा हिशेब कोणी मांडावयाचा? ९ ऑगस्टच्या पहांटे मुंबईस गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. लोकांना आवरूं शकणारीं माणसेंच अशीं एकाएकीं नाहींशीं झालीं. वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, आणि बातमीची जागा अफवेनें घेतली. शिवाय ज्या महाराजांवर ठपका आला, तेच १९३६ सालीं सेवाग्राम आश्रमांत गांधीजींच्या सहवासांत सुमारें महिनाभर राहिले होते.

असा ठपका महाराष्ट्राला नवा नव्हता. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकानें प्रेक्षकांचीं मनें चिथावलीं जातात, म्हणून १९१० सालीं सरकारनें तें बंद केलें. गंमत अशी कीं, त्यापूर्वीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, तेव्हां तेथें प्रयोग होता तो 'शारदा' नाटकाचा. बाला-जरठ विवाहाची ती कथा ऐकून कोणी पिस्तूल उचललें, असें मात्र सरकारनेंही म्हटलें नाहीं!

चिमूरला पुढें लष्कर आलें आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा बोभाटा झाला. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमांतील प्राध्यापक भन्साळी यांनीं उपोषण आरंभिलें. शब्दांमुळें हिंसा पेटते, या भीतीनें गाणें दडपणाऱ्या सरकारनें आतां एका उपाशी माणसाची बातमीही छापूं दिली नाहीं. त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजीं देशांतील अनेक वर्तमानपत्रें बंद राहिलीं. भन्साळींचें उपोषण १२ जानेवारीस, त्रेसष्टाव्या दिवशीं सुटलें. आष्टी-चिमूरच्या फांशीच्या कैद्यांना जीवदान मिळण्यास मात्र १९४५ साल उजाडावें लागलें.