कोतोच्या वाट्याला आलेला कचरा

टोकियोच्या पूर्व भागात, खाडीकाठच्या कोतो वॉर्डाची बरीचशी जमीन शहराच्या कचऱ्यावर उभी आहे. या भरावाला १६५५ साली सुरुवात झाली. तेव्हा शहराचे नाव एदो होते. लोक नद्यांत, कालव्यांत, मोकळ्या जागांत केर टाकत. तो होड्यांतून एइताई बेटालगतच्या उथळ पाण्यात नेऊन टाकावा, असा हुकूम शोगुनच्या प्रशासनाने काढला.

एदोत फेकण्याजोगे फारसे उरतही नसे. सोनखत शेतकरी पैसे मोजून नेत. चुलीतली राख विकत घेणारे फेरीवाले होते, रद्दीवालेही होते. राहिलेला गाळ, खरकटे आणि फुटकी भांडी भरावात जात आणि त्यावर नवी जमीन तयार होई.

दुसऱ्या महायुद्धानंतर कचऱ्याचे रूप आणि प्रमाण दोन्ही बदलले. १९५७पासून कोतोतल्या युमेनोशिमा या कृत्रिम बेटावर टोकियोचा कचरा पडू लागला. कचरा जाळायच्या भट्ट्या अपुऱ्या असल्याने घराघरांतला ओला कचराही न जाळता तिथेच येई.

१९६५च्या उन्हाळ्यात त्यावर माश्यांची प्रचंड पैदास झाली. दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर त्या कोतोच्या घरांत, शाळांत शिरल्या. औषधफवारणीने त्या हटेनात. अखेर जुलैमध्ये कचऱ्याच्या ढिगांवर तेल ओतून ते पेटवून द्यावे लागले.

माश्या आटोक्यात आल्या, तरी कचरागाड्यांची रीघ थांबली नाही. रोज सुमारे ५००० गाड्या कोतोतून जात. दुर्गंधी, रस्त्यावर सांडणारे घाण पाणी आणि वाहतुकीची कोंडी रहिवाशांच्या पाचवीलाच पुजली होती. सप्टेंबर १९७१मध्ये टोकियोचे गव्हर्नर रियोकिची मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ जाहीर केले. ज्याचा कचरा त्याने आपल्याच हद्दीत जिरवावा, ही कोतोची मागणी होती. पश्चिमेकडच्या सुगिनामी वॉर्डात मात्र ताकाइदो इथल्या नियोजित भट्टीला स्थानिकांचा कडवा विरोध होता. त्यांनाही धूर आणि गाड्या दारात नको होत्या. मग १९७२च्या डिसेंबरात आणि पुन्हा १९७३च्या मे महिन्यात कोतोने सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. स्वतः वॉर्डप्रमुख रस्त्यावर उतरले. सुगिनामीत कचरा उचलला जाईना.

१९७४मध्ये न्यायालयात तडजोड झाली आणि १९८२मध्ये ताकाइदोची भट्टी सुरू झाली. आपल्या कचऱ्याचा भार सुगिनामीने अखेर स्वतःच्या हद्दीत घेतला.

कोतो मात्र सोसलेले विसरलेला नाही. खाडीत पुढे झालेल्या भरावाच्या मालकीवरून त्याचा शेजारच्या ओता वॉर्डाशी वाद पेटला, तेव्हा वर्षानुवर्षे कचऱ्याचा त्रास आपणच काढला, हा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. २०१९मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्या जमिनीचा सुमारे ७९ टक्के भाग कोतोला दिला.