कावासाकी आजार आणि जीवाणूंचे विष: संशय जुना, पुरावा अपुरा

कावासाकी आजार हा रक्तवाहिन्यांना दाह आणणारा विकार असून तो प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होतो. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. या आजाराचे कारण आजही सिद्ध झालेले नाही. परंतु संशयितांत जीवाणूंच्या विषांचे नाव दीर्घकाळ घेतले जाते.

लक्षणे : पाच दिवस किंवा अधिक काळ टिकणारा तीव्र ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले ओठ व लालबुंद जीभ, अंगावर पुरळ, हातापायांना सूज आणि मानेत गाठ. पुढे बोटांची कातडी सोलवटते. तान्ह्या मुलांत बीसीजी लसीची खूण लाल होणे हाही महत्त्वाचा संकेत मानला जातो.

संशयाचे मूळ : स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूच्या विषामुळे होणाऱ्या लोहितज्वरातही पुरळ, लाल जीभ आणि कातडी सोलवटणे आढळते. १९७८ मध्ये सात मुलांच्या नोंदीवरून ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ ओळखला गेला. तो स्टॅफिलोकॉकसच्या विषामुळे होतो. अशा विषांना ‘सुपरअँटिजेन’ म्हणतात. साध्या जंतुसंसर्गात टी पेशींचा अत्यल्प अंश जागा होतो. सुपरअँटिजेन मात्र या पेशींना नेहमीच्या ओळखीवाचून चेतवते. एकाच वेळी पाचव्या हिश्श्याएवढ्या पेशीही उद्दीपित होऊ शकतात आणि दाह अनावर होतो.

पुरावा : १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कावासाकीच्या १६ पैकी १३ मुलांत विष निर्माण करणारे जीवाणू सापडले; तुलनेसाठी निवडलेल्या १५ मुलांत ते एकातच होते. पुढील मोठ्या अभ्यासात मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. शिवाय लोहितज्वर प्रतिजैविकांनी बरा होतो, कावासाकी होत नाही. त्यामुळे विषाणूपासून आनुवंशिक प्रवृत्तीपर्यंत अन्य शक्यताही अभ्यासल्या जातात. २०२० मध्ये मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयासह अनेक ठिकाणी करोनानंतर मुलांत कावासाकीसदृश दाह आढळला. त्यातील काही मुलांत टी पेशींचा एक विशिष्ट गट वाढलेला दिसल्याने सुपरअँटिजेनची चर्चा पुन्हा सुरू झाली.

उपचार : कारण अनिश्चित असले, तरी उपचाराची मुदत निश्चित आहे. उपचार न झाल्यास सुमारे चारपैकी एका मुलाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना इजा होते. त्यांना फुगेही येतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांपर्यंत खाली येते. सोबत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲस्पिरिन देतात. रोहिण्यांची तपासणी इकोद्वारे होते.

मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांसाठी हे दहा दिवस फार थोडे ठरतात. मध्य प्रदेशातील तापीकाठच्या बुऱ्हाणपूरहून जळगाव सुमारे १०० किलोमीटर, तर इंदूर सुमारे १८० किलोमीटर दूर आहे. तिथे प्रतिजैविकांची एक मात्रा संपवून दुसरी सुरू करण्यात आठवडा सरला, तर प्रवासासाठी आणि इकोसाठी फारसे दिवस उरत नाहीत. आपल्याकडील दूरच्या गावांचीही हीच अडचण आहे. म्हणून ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, याची पालकांनी नोंद ठेवावी. आणि औषध देऊनही पाचव्या दिवशी तो कायम असेल, तर ‘हा कावासाकी असू शकतो का?’ असे बालरोगतज्ज्ञांना स्पष्टपणे विचारावे.