हायपोतील चांदी

मध्यंतरी ठाण्यात, फिल्मवर टिपलेल्या छायाचित्रांचे एक सामूहिक प्रदर्शन पाहण्याचा योग आला. त्या तसबिरींपुढून सावकाश फिरत असता, प्रत्येक चौकटीखाली टिपणाऱ्याचे, कॅमेऱ्याचे, इतकेच काय, फिल्मचेही नाव असून, रोल धुणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही, ही गोष्ट मनाला थोडी खटकली.

वास्तविक ही विद्या आपल्या प्रांतात रुजली तीच मुळी मंडळी जमवून. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढल्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणास गेली, आणि त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील सोसायट्या १८५६ च्या, म्हणजे या एका बाबतीत तरी मुंबई इलाखा दोन पावले पुढे होता. मुंबईच्या सोसायटीच्या सभासदांत साहेबलोकांच्या बरोबरीने भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. त्या काळी काचेवर कोलोडियनचा लेप देऊन, ती चांदीच्या द्रावणात बुडवून, ओली असेतोच तिच्यावर प्रतिमा घ्यावी व लगोलग धुवावी लागे. त्यामुळे मुक्कामोमुक्कामी तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी असा सरंजाम न्यावा लागे, आणि नाव एकाचे झाले तरी हात चौघांचे राबत.

पुढे कोरड्या काचा आल्या, रोल आले; बडोद्यास तयार होणाऱ्या, बारा फोटोंच्या आग्फा क्लिक थ्रीने हौस घरोघर पोहोचवली. तरी स्थळासाठी मुलीचा फोटो काढायचा तर ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारपेठेतील स्टुडिओचाच जिना चढावा लागे. तेथे खरी मौज पडद्याआड असे. उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, टोक सुईसारखे केलेल्या शिसपेन्सिलीने टचिंग करणारा कारागीर मान खाली घालून बसलेला असे. निगेटिव्हवर जेथे काळे करावे तेथे छपाईत उजळ उमटते, या उलट्या न्यायाने तो देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची काळोखी अशा बेताने बुजवी, की मुलीच्या आईलाही संशय येऊ नये. किती लग्ने त्या पेन्सिलीच्या टोकावर जुळली, याची नोंद सरकारदप्तरी नाही. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना पुढे काय वाटले, याची तर नाहीच नाही.

या सगळ्यावर पाणी फिरवले ते आमच्या पावसाळ्याने. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. खाडीकाठच्या दमट हवेत तो ओल धरतो आणि बुरशीला आयते अन्न होते. आषाढानंतर डबा उघडावा तो नवरदेवाच्या फेट्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पसरलेली.

उरले ते रंगीत फिल्म आणि पुढे डिजिटल आल्यावर भंगारात गेले. फिल्म धुताना प्रतिमा पक्की करणाऱ्या हायपोच्या द्रावणात, ते वापरले की चांदी उतरते; जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हांतही ती असतेच. म्हणून चांदी काढणारे दोन्ही विकत घेत, आणि स्टुडिओवालेही माळा रिकामा होतो म्हणून खुशाल देत. डोंबिवलीत असे एक बोचके तराजूत चढताना मी पाहिले आहे. वरच्याच निगेटिव्हवर, गालाच्या जागी, पेन्सिलीच्या बारीक रेघा उन्हात चमकत होत्या. त्यांचे वजन काही वेगळे धरले गेले नाही.