नेर्न्स्ट, हाबर आणि बिकानेरचे ऊन

हरित अमोनियाची बातमी आली की जयपुरात बसून माझी नजर प्रथम बिकानेरकडे वळते. तेथे २०२१ साली सौरविजेवर दररोज ५ टन अमोनिया बनवण्याच्या क्षमतेचा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी मिळाली. चर्चा होते ती हायड्रोजनच्या दराची. पण यातला एक पेच शतकाहून जुना आहे.

नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात व उष्णता बाहेर पडते. चाराचे दोन होतात, म्हणून दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे झुकतो. उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढवले की तो माघारी फिरतो. मग अभिक्रिया थंडच का ठेवू नये? कारण नायट्रोजनचा तिहेरी बंध थंडीत दाद देत नाही.

१९०५ च्या सुमारास फ्रिट्झ हाबर यांनी १००० अंश सेल्सिअसच्या आसपास, साध्या वातावरणीय दाबाखाली मोजणी केली. अमोनिया भरला जेमतेम एक शतांश टक्का. १९०७ मध्ये वाल्थर नेर्न्स्ट यांनी आपल्या उष्णता-सिद्धान्ताच्या आधारे हा आकडाही फुगलेला असल्याचे भर सभेत सांगितले. दुखावलेल्या हाबर यांनी रॉबर्ट ल रॉसिनॉल यांच्यासह ३० वातावरण दाबाखाली फेरमोजणी केली. आकडा खरोखरच घटला. पण उच्च दाबाची वाट त्याच हट्टातून सापडली. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूह येथे ऑस्मियम उत्प्रेरकावर, सुमारे १७५ वातावरण दाबाखाली अमोनिया सलग वाहू लागला. कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना केला. पुढे महायुद्धात त्याच अमोनियापासून स्फोटकेही बनली.

तडजोड मात्र कायम राहिली. २०० वातावरण दाबाखाली ५०० अंशांना समतोलात अमोनिया सुमारे १८ टक्के असतो. ४०० अंशांना त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून अमोनिया थंड करून वेगळा काढायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. १९६५ चे ट्रॉम्बे असो वा १९९४ चे कोट्याजवळील गडेपान, हे चक्र अहोरात्र चालते.

बिकानेरचे ऊन मात्र सायंकाळी मावळते. उत्प्रेरकाच्या थराला तर स्थिर तापमान आणि दाब हवा असतो. वरचेवर चालू-बंद होणे त्याला मानवत नाही. त्यामुळे रात्रीसाठी वीज किंवा हायड्रोजन साठवावा लागतो, आणि त्याचा खर्च अखेर युरियाच्या गोणीपर्यंत पोहोचतो. पुढची बातमी वाचताना हायड्रोजनच्या दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: रात्रीची सोय काय?